‘गोष्टच तर आहे!’ : श्रद्धेला हात घालणाऱ्या कादंबऱ्या आणि ख्रिस्ती उत्तरं

डॅन ब्राउन यांची ‘द दा विंची कोड’ ही कादंबरी २००३ साली आली. तिच्यात गोष्ट सुरू होण्याआधी एक पान आहे. त्याचा मथळा आहे ‘वस्तुस्थिती’. पुस्तकातल्या कलाकृती, वास्तू, दस्तऐवज आणि गुप्त विधी यांची वर्णनं अचूक आहेत, असं ते पान छातीठोकपणे सांगतं. मग खून होतो, पाठलाग सुरू होतो आणि मध्येच एक विद्वान पात्र वाचकाला इतिहास शिकवू लागतं: येशूचं त्याची शिष्या मरीया मग्दालीया हिच्याशी लग्न झालं होतं, त्यांना मूल झालं, येशू देव आहे हे चौथ्या शतकात मतदानानं ठरलं आणि चर्चनं हे सारं दडपून ठेवलं.

पुस्तकाच्या आठ कोटींहून जास्त प्रती खपल्या. ख्रिस्ती लोकांनी आक्षेप घेतला की ठरलेलं उत्तर यायचं: ‘अहो, गोष्टच तर आहे!’ पण ते एक पान असल्यावर हा बचाव टिकत नाही. लेखकाला कल्पनेची मोकळीक हवी असते आणि इतिहासाचं वजनही हवं असतं. दोन्ही एकदम घेतलं की वाचकाला गोष्ट कुठं संपली आणि माहिती कुठं सुरू झाली हे कळत नाही. धर्मगुरूंपुढे प्रश्न आले ते याच गोंधळातून, आणि ते टीकाकारांनी विचारले नव्हते. दर रविवारी चर्चला येणारी माणसं विचारत होती, ‘फादर, हे खरं आहे का?’

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं महत्त्वाचं वाक्य हेच आहे. बायबल कसं तयार झालं, चौथ्या शतकातल्या नायसियाच्या धर्मपरिषदेत काय झालं, मग्दालीया नक्की कोण होती, हे प्रवचनातून फारसं सांगितलं गेलेलं नव्हतं. जी जागा रिकामी राहिली होती ती कादंबरीनं भरली. म्हणून ज्यांनी ती जागा नीट माहितीनं भरली त्यांचं उत्तर टिकलं, आणि ज्यांनी नुसती बंदी मागितली त्यांचं हवेत विरलं.

आधी दाव्यांकडे पाहू

नायसियाची परिषद इ.स. ३२५ मध्ये भरली, ती सम्राट कॉन्स्टंटाइननं बोलावली होती, इथपर्यंत कादंबरी बरोबर आहे. पण तिथं ‘येशू माणूस की देव’ असा वाद नव्हता. अलेक्झांड्रियाचा एरियस हा धर्मगुरू म्हणत होता की पुत्र सर्व सृष्टीच्या वर आहे, पण पित्यानं निर्माण केलेला आहे. विरोधकांचं म्हणणं होतं की पुत्र निर्माण केलेला नाही, तो पित्याच्याच सत्त्वाचा आहे. म्हणजे येशूला साधा माणूस मानणारं त्या वादात कोणी नव्हतंच. आणि कादंबरीतलं पात्र म्हणतं तसं ‘थोडक्यात निसटलेलं मतदान’ही झालं नाही. शेवटी परिषदेच्या श्रद्धासूत्रावर सही करायला नकार देणारे बिशप दोनच निघाले.

येशूची उपासना तर त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. येशूचा प्रेषित पौल याची पत्रं पहिल्या शतकाच्या मध्यातली आहेत, आणि त्यांत येशूला ‘प्रभू’ म्हटलेलं आहे. इ.स. ११२ च्या सुमाराला प्लिनी हा रोमन अधिकारी सम्राट ट्रेजनला कळवतो की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. प्लिनी ख्रिस्ती नव्हता, उलट त्यांची चौकशी करत होता. त्यामुळे त्याच्या साक्षीला जास्त वजन आहे.

बायबलमध्ये कोणती पुस्तकं असावीत हे नायसियात ठरलं, असाही समज या कादंबरीनं पसरवला. तो विषय त्या परिषदेपुढे नव्हता. मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही चार शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या जीवनाची पुस्तकं, इ.स. १८० च्या सुमाराला इरेनेयस हा बिशप ठामपणे मोजतो. नव्या कराराची आजची सत्तावीस पुस्तकं नेमकी एका यादीत दिसतात ती इ.स. ३६७ मध्ये, अथनेशियस या बिशपच्या पत्रात. ही निवड दोन-अडीचशे वर्षं रेंगाळत झाली, काही पुस्तकांवर वाद झाले, काही उशिरा आत आली. एका बैठकीत एका सम्राटानं कट केला, ही गोष्ट त्यापेक्षा कितीतरी चटपटीत आहे, हे मान्य.

‘दडपलेली’ शुभवर्तमानं १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडली हे खरं आहे. त्यांत माणूस येशू आहे आणि चर्चनं निवडलेल्या चारांत देव येशू आहे, असं कादंबरी सांगते. प्रत्यक्षात जवळपास उलटं आहे. त्या ग्रंथांतला येशू बऱ्याचदा गूढ ज्ञान सांगणारा, देहापासून दूर असलेला आहे. भुकेला, थकून विहिरीपाशी बसलेला, मित्राच्या कबरीपुढे रडलेला येशू भेटतो तो बायबलमधल्या चार पुस्तकांत. फिलिपच्या शुभवर्तमानात येशू मग्दालीयाचं चुंबन घेत असे, अशी ओळ आहे. पण कुठं, हे सांगणारी जागाच हस्तलिखितात फाटलेली आहे. त्या भोकातून अख्खं लग्न बाहेर काढलं गेलं.

लग्नाविरुद्धचा मला सर्वांत पटलेला मुद्दा अगदी साधा आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल विचारतो की इतर प्रेषित, प्रभूचे भाऊ आणि केफा (म्हणजे पेत्र) यांच्याप्रमाणे आम्हालाही पत्नीला सोबत नेण्याचा अधिकार नाही का? येशूला पत्नी असती तर इथं पौलानं सर्वांत आधी त्याचंच उदाहरण दिलं असतं. आणि ‘त्या काळात यहुदी पुरुषानं अविवाहित राहणं अशक्यच’ हा दावाही टिकत नाही, कारण एसेनी या यहुदी पंथातले बरेच जण ब्रह्मचारी होते असं पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस नोंदवतो.

आता कादंबरीच्या बाजूनं एक गोष्ट बोलायला हवी, कारण बरेच ख्रिस्ती लेखक ती गाळतात. मग्दालीयावर अन्याय झाला होता. इ.स. ५९१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिला आणि लूकच्या सातव्या अध्यायातल्या निनावी पापी स्त्रीला एकच ठरवलं, आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये ती शेकडो वर्षं ‘पश्चात्ताप केलेली वेश्या’ म्हणून रंगवली गेली. बायबलमध्ये याला आधार नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चनं ही सरमिसळ केली नव्हती. कॅथलिक चर्चनं १९६९ च्या दिनदर्शिकेत ती दुरुस्त केली आणि २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलै या तिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना पहिल्यांदा सांगणारी ती, हे कारण त्यामागे होतं. जे उत्तर ही चूक कबूल करतं, त्याचं बाकीचं म्हणणं लोक शांतपणे ऐकतात.

उरला कादंबरीतला ‘प्रायरी ऑफ सायन’ हा प्राचीन गुप्त संघ. तो १९५६ साली पियर प्लांतार या फ्रेंच गृहस्थानं नोंदवलेली एक संस्था होता. तिला शेकडो वर्षांचा इतिहास देणारी कागदपत्रं बनवून पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवली गेली होती. यावर जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही.

या दाव्यांना उत्तर देणाऱ्यांत श्रद्धाळू अभ्यासक होते, तसे नव्या कराराचे अमेरिकन अभ्यासक बार्ट अर्मनही होते. ते स्वतःला अज्ञेयवादी म्हणवतात. त्यांनी २००४ साली या कादंबरीतल्या ऐतिहासिक चुकांवर पुस्तकच लिहिलं. ही बाब ख्रिस्ती वक्ते मोठ्या आनंदानं सांगतात, पण तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. नायसियाचा इतिहास कादंबरीनं चुकवला हे अर्मन दाखवतात, आणि तरी येशू देव आहे असं ते मानत नाहीत. कादंबरीच्या चुका दाखवून इतिहास दुरुस्त होतो. श्रद्धेचा प्रश्न त्यानंतरही वाचकाकडेच राहतो.

चर्चनं काय केलं

‘चर्च’ म्हणून एकच आवाज नव्हता. मार्च २००५ मध्ये कार्डिनल तार्चीझियो बेर्तोने यांनी लोकांना सांगितलं, हे पुस्तक वाचू नका, विकत घेऊ नका. पुढच्या वर्षी चित्रपट येण्याआधी व्हॅटिकनमधले आर्चबिशप आंजेलो अमातो यांनी बहिष्काराची हाक दिली. त्या चित्रपटानं जगभरात ७५ कोटी डॉलरहून जास्त कमाई केली. बहिष्काराचा परिणाम काय झाला ते यावरून कळतं.

चित्रीकरणासाठी परवानगी मागितली तेव्हा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेनं पुस्तक धर्मशास्त्राच्या दृष्टीनं चुकीचं आहे असं सांगून नकार दिला. लिंकनच्या कॅथीड्रलनं होकार दिला. तिथल्या डीननाही (प्रमुख धर्मगुरूंनाही) पुस्तकातले दावे मान्य नव्हते, पण त्यावर बोलणं व्हावं, दार बंद करू नये, असं त्यांचं मत होतं. चित्रीकरण चालू असताना एक नन बाहेर गुडघे टेकून निषेधाची प्रार्थना करत होती. दोन्ही चर्चेस अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची होती, पुस्तकाबद्दलचं मतही सारखंच होतं, तरी निर्णय उलट झाले.

मला सर्वांत हुशारीचा वाटला तो ओपस देईचा पवित्रा. ही १९२८ साली स्पेनमध्ये सुरू झालेली कॅथलिक संस्था. कादंबरीत तिचा एक खुनी संन्यासी आहे. खऱ्या ओपस देईत संन्यासी नसतातच. तिचे बहुतेक सदस्य संसारी, नोकरी-व्यवसाय करणारे आहेत. कादंबरीनं सर्वांत जास्त बदनामी केली ती यांची. तरी त्यांनी बहिष्काराची हाक दिली नाही. चित्रपटाला ‘हे काल्पनिक आहे’ अशी सूचना जोडा, एवढी मागणी त्यांनी केली आणि पत्रकारांना आपल्याकडे बोलावून प्रश्नांची उत्तरं दिली.

भारतात चित्रपटाला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र आणि काल्पनिक असल्याची सूचना, अशा अटींवर परवानगी मिळाली. तरी काही राज्यांनी बंदी घातली. त्यांपैकी आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूतल्या बंदी तिथल्या उच्च न्यायालयांनी उठवल्या.

इतिहासाचा दावा नसलेली आव्हानं

वरचा सगळा प्रकार तुलनेनं सोपा आहे, कारण तपासता येणारे दावे होते. ग्रीक लेखक निकोस कझान्झाकिस यांच्या ‘द लास्ट टेम्प्टेशन’ या कादंबरीत असा कुठलाच दावा नाही. वधस्तंभावरच्या येशूला शेवटचा मोह होतो तो साध्या संसाराचा: बायको, मुलं, म्हातारपण. तो स्वप्नात ते आयुष्य जगतो आणि शेवटी नाकारून वधस्तंभावर परत येतो. व्हॅटिकननं १९५४ साली ही कादंबरी निषिद्ध पुस्तकांच्या यादीत टाकली. कझान्झाकिस यांनी तारेनं उत्तर पाठवलं. त्यात तर्तुल्लियन या जुन्या ख्रिस्ती लेखकाचं वाक्य होतं: प्रभू, मी तुझ्या न्यायासनापुढे दाद मागतो.

इथं खरा धर्मशास्त्रीय प्रश्न आहे. इ.स. ४५१ च्या खाल्कीदोन परिषदेनं येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे असं सांगितलं. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात म्हटलंय की तो सर्व प्रकारे आमच्यासारखा पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. मग मोह म्हणजे नेमकं काय? तो बाहेरून येऊन धडकला, की मनात शिरला? शिरला तर किती? कझान्झाकिस यांचे समर्थक म्हणतात की त्यांनी ‘पूर्ण माणूस’ हे शब्द गंभीरपणे घेतले. विरोधक म्हणतात की त्यांचा येशू इतका गोंधळलेला, स्वतःबद्दल इतका साशंक आहे की ‘पूर्ण देव’ उरतच नाही. मला विरोधकांचा हा मुद्दा वजनदार वाटतो, पण तो पुस्तक वाचल्याशिवाय मांडता येत नाही.

१९८८ साली या कादंबरीवर मार्टिन स्कॉर्सेसी यांचा चित्रपट आला तेव्हा नेमकं तेच झालं, न पाहताच बोललं गेलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या इव्हँजेलिकल संस्थेचे प्रमुख बिल ब्राइट यांनी निर्मात्या कंपनीला खर्च भरून देतो, सगळ्या प्रती नष्ट करू द्या, असा प्रस्ताव दिला. कंपनीनं वृत्तपत्रांतून जाहीर नकार दिला. पॅरिसमध्ये कट्टर कॅथलिकांच्या एका टोळीनं चित्रपट चालू असलेल्या सिनेमागृहात आग लावली, त्यात दहाहून अधिक लोक जखमी झाले. चित्रपटाचा आधी निषेध करणाऱ्या पॅरिसच्या आर्चबिशपांनी मग आग लावणाऱ्यांचाही निषेध केला.

एकाच बायबलमधून दोन वाटा

इतका फरक का पडतो? एक कारण रचनेचं आहे. कॅथलिक चर्चकडे केंद्र आहे. निषिद्ध पुस्तकांची रोमची यादी १५५९ मध्ये सुरू झाली, ती थेट १९६६ मध्ये संपली. प्रॉटेस्टंटांकडे असं एक केंद्र नाही, त्यामुळे तिथं प्रत्येक पाळक, प्रत्येक प्रकाशन आपापलं मत मांडतं.

दुसरं कारण जुनं आहे आणि ते बायबलमध्येच आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात पौल अथेन्सला जातो. तिथल्या मूर्ती पाहून त्याचा जीव तळमळतो, पण बोलायला उभा राहतो तेव्हा तो ग्रीक कवीचीच ओळ उद्धृत करतो: ‘आपण त्याचीच लेकरं आहोत.’ दोनच अध्याय पुढे इफिसात नव्यानं विश्वास ठेवलेले लोक जादूटोण्याची आपली पुस्तकं सर्वांसमक्ष जाळतात. त्यांची किंमत पन्नास हजार रुपये होती, असं जुनं मराठी बायबल सांगतं, मूळ हिशेब चांदीच्या नाण्यांचा. बंदीवाले एकोणिसावा अध्याय दाखवतात, संवादवाले सतरावा. इफिसकरांनी स्वतःची पुस्तकं जाळली होती, दुसऱ्याची नाही, हा तपशील मात्र बंदीवाल्यांच्या नजरेतून हमखास सुटतो.

चौथ्या शतकात बेसिल या बिशपांनी तरुणांना ग्रीक साहित्य कसं वाचावं हे सांगताना मधमाशीचा दाखला दिला: ती सगळ्या फुलांवर बसत नाही, आणि ज्यांवर बसते त्यांतलंही सगळं उचलत नाही. पुढे अनेक ख्रिस्ती शिक्षकांनी हेच वापरलं. त्याला पौलाच्याच दुसऱ्या विचाराची जोड द्यावी लागते. आपल्याला चालतं ते दुसऱ्याच्या दुर्बळ विवेकाला ठेच लावत असेल तर सांभाळावं, असं तो करिंथकरांना सांगतो. मोठ्यांनी वाचावं पण तेच पुस्तक दहा वर्षांच्या मुलाच्या हातात देताना थांबावं, असं अनेक ख्रिस्ती पालक म्हणतात ते यातूनच. मला यात भित्रेपणा दिसत नाही.

मुलांसाठीच्या पुस्तकांवरून वाद तापतो तोही याच कारणानं. फिलिप पुलमन यांच्या ‘हिज डार्क मटेरियल्स’ या तीन पुस्तकांत जुलमी धर्मसंस्था आहे आणि ‘देव’ म्हणवून घेणारा, थकून विरलेला एक वृद्ध आहे. २००७ मध्ये पहिल्या भागावर चित्रपट आला तेव्हा अमेरिकेतल्या कॅथलिक लीगनं बहिष्कार पुकारला. तिथल्याच कॅथलिक बिशपांच्या परिषदेच्या चित्रपट विभागानं मात्र चांगलं परीक्षण लिहिलं आणि नंतर ते मागे घेतलं. तीन वर्षं आधी कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी वेगळी वाट धरली होती. लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये या पुस्तकांवरचं नाटक पाहून त्यांनी त्याची तारीफ केली, तिथंच पुलमन यांच्याशी जाहीर चर्चा केली आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात ही पुस्तकं वाचावीत असंही सुचवलं. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा की या कथेतल्या धर्मसंस्थेत तारणारा येशूच नाही, आणि तिथला ‘देव’ सृष्टिकर्ताही नाही. मग पुलमन नेमका कोणता देव नाकारत आहेत, ते विचारू या. तो देव आम्हालाही नको असण्याची शक्यता आहे.

घरातूनच आलेलं आव्हान

विल्यम पॉल यंग यांची ‘द शॅक’ ही २००७ ची कादंबरी ख्रिस्ती माणसानं लिहिली, ख्रिस्ती वाचकांनीच एकमेकांना वाटली. प्रकाशकांनी नाकारल्यावर मित्रांनी प्रकाशनसंस्था काढून ती छापली आणि तिच्या कोट्यवधी प्रती खपल्या. मुलीचा खून झालेला एक बाप एका झोपडीत देवाला भेटतो. पिता तिथं कृष्णवर्णीय स्त्रीच्या रूपात आहे, पवित्र आत्मा सरयू नावाच्या आशियाई स्त्रीच्या. शोक करणाऱ्या असंख्य लोकांना या पुस्तकानं प्रार्थनेकडे परत आणलं. यूजीन पीटरसन यांच्यासारख्या आदरणीय लेखकानं त्याची तुलना जॉन बन्यनच्या ‘यात्रेकरू’शी केली. अल्बर्ट मोलर यांच्यासारखे बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे विचारवंत मात्र याला पाखंड म्हणाले.

देव स्त्रीरूपात दिसला यावरच बहुतेक गदारोळ झाला. माझ्या मते तो सर्वांत कच्चा आक्षेप, कारण तिथं ते रूप केवळ त्या बापासाठी घेतलेलं आहे. पक्का आक्षेप कमी लोकांच्या लक्षात आला: गोष्टीत पित्याच्या मनगटांवरही वधस्तंभाच्या खुणा आहेत. पुत्राबरोबर पित्यानंही वधस्तंभ सोसला, या मताशी चर्चनं तिसऱ्या शतकातच वाद घातला होता, आणि त्याविरुद्ध लिहिणाऱ्यांत कझान्झाकिस यांच्या तारेतले तर्तुल्लियनच आघाडीवर होते. शोकात बुडालेल्या वाचकाला त्या खुणा म्हणजे देव आपल्याबरोबर दुखावला जातो याची ग्वाही वाटते. धर्मशास्त्रज्ञाला त्यात त्रैक्याची, म्हणजे एकाच देवातल्या पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांची, गल्लत दिसते. दोघंही एकच ओळ वाचत असतात.

‘शेवटी सगळेच तारले जातील’ असं हे पुस्तक आडून सुचवतं, हा दुसरा मोठा आरोप. समर्थक म्हणायचे, पुस्तकात तसं कुठंही लिहिलेलं नाही. २०१७ साली, चित्रपट आला त्याच सुमाराला, यंग यांचं वैचारिक पुस्तक निघालं आणि सर्वांच्या तारणावर आपला विश्वास आहे असं त्यांनी त्यात सरळ लिहिलं. टीकाकार म्हणाले, आम्ही दहा वर्षं हेच सांगत होतो. चाहते म्हणाले, लेखकाचं मत वेगळं आणि त्यानं लिहिलेली गोष्ट वेगळी. आता कात्रीत दोन्ही बाजू सापडल्या होत्या. लेखकाच्या श्रद्धेवरून गोष्ट तोलायची असं टीकाकारांनी ठरवलं, तर नास्तिक लेखकाच्या कादंबरीत सापडलेलं सत्य त्यांना उचलता येत नाही. आणि ‘गोष्टच तर आहे’ असं म्हणून चाहत्यांनी यंग यांना सोडवलं, तर डॅन ब्राउन यांना कोणत्या तोंडानं पकडायचं, याचं उत्तर त्यांना शोधावं लागतं.